बासष्ट टक्क्यांवर अडलेली फिल्म

त्या दुपारी माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर फिरणारा बाण मध्येच थांबला आणि मी माधवला शिवी हासडली. तो गंगाखेडला त्याच्या दुकानात, मी पालमला माझ्या घरात. आता अशी सोय झाली आहे, की आपण फोनवर एक आकडा सांगायचा आणि तिकडे बसलेला माणूस आपलं मशीन लांबून चालवतो. चाळीस मिनिटं तो बाण माझ्या पडद्यावर इकडून तिकडे फिरत होता, माझ्या कानाला फोन होता, आणि अचानक बाण एका जागी उभा राहिला आणि फोन कट झाला. रेंज गेली असेल म्हणून मी थोडा थांबलो. मग लावत सुटलो... एकदा, दोनदा, सात वेळा फोन लावला. नुसती रिंग जात होती. शेवटी वैतागून मशीनचं बटण दाबून धरलं आणि सगळं बंद करून टाकलं. संध्याकाळी निरोप आला, की माधव गेला. दुकानातच कोसळला, परभणीला नेताना वाटेत संपला. वय शेहेचाळीस. म्हणजे माझे ते सात फोन वाजत होते तेव्हा लोक त्याला उचलून गाडीत घालत होते.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. लिहिणार आहे, पण रागाने लिहिणार आहे, कारण अजून दीड महिना झाला नाही आणि माझा राग तसूभर उतरलेला नाही. पहिला राग त्याच्यावरच. फोन उचलल्या उचलल्या तो म्हणाला होता, "गुरुजी, आज छातीत जरा जळजळ व्हायलीय. उद्या सकाळी बसलं तर चालंल का?" मी म्हणालो, उद्या कार्यक्रम आहे, उद्या बघून काय करू? यावर कुठल्याही शहाण्या माणसाने सरळ सांगितलं असतं, की गुरुजी, मरू द्या तुमचा कार्यक्रम. माधव म्हणाला, "बरं, लावा मशीन."

कार्यक्रम माझाच होता. सेवापूर्तीचा. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यावर मीच एक फिल्म बनवत होतो. माझ्याच गौरवाची फिल्म मीच जोडत होतो, हे आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती. त्यात माझ्या घराचं ड्रोनवरून घेतलेलं चित्रण होतं, खुर्चीत बसून मी कॅमेऱ्याकडे बघत केलेलं मनोगत होतं. सगळं जोडून झालं आणि फिल्म एका अखंड फाइलीत बाहेर काढायला लावली, की ती बासष्ट टक्क्यांवर येऊन अडायची. तीनदा लावली, तीनदा बासष्टवरच.

माधव माझा चौथीचा विद्यार्थी. पालमजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी नवा नवा लागलो होतो, तेव्हाचा. त्याच्या घरी मेंढरं होती. हा मात्र वस्तीवर कुणाचा रेडिओ बंद पडला, की मेंढरं सोडून तिकडे पळायचा. दहावीनंतर लग्नांत शूटिंगवाल्याच्या मागे लाइट धरून चालण्याचं काम मिळालं, मग कॅमेरा हातात आला, मग गंगाखेडला स्टँडजवळ स्वतःचं मिक्सिंगचं दुकान. लग्नाचं चित्रण कापून, जोडून, गाणी लावून तयार करण्याला आमच्याकडे मिक्सिंग म्हणतात. पुढे दुकान, मागे घर. सुनीता, त्याची बायको, अल्बम जुळवायची, तो मिक्सिंग करायचा. पण त्याचं खरं नाव झालं ते बिघाड शोधण्यात. जिंतूरपासून पालमपर्यंत मिक्सिंग करणाऱ्या कुणाचंही मशीन लग्नसराईत झोपलं, की ते पोत्यात घालून एसटीने गंगाखेडला यायचं.

त्याची रीत पाहण्यासारखी होती. तो मशीनला आधी हातच लावायचा नाही. मालकाला खुर्चीत बसवायचा, चहा द्यायचा आणि म्हणायचा, सकाळपासून काय काय केलं ते सांगा. माणूस सांगत असताना हा डोळे मिटून ऐकायचा. मग कॅबिनेटवर तळहात ठेवायचा, पंख्याचा आवाज ऐकायचा, वास घ्यायचा. नव्वद टक्के वेळा आतली मेमरीची पट्टी काढून तिची पितळी टोकं खोडरबराने घासली की काम व्हायचं. शाळेतलं खोडरबर मीच त्याला डझनाने द्यायचो. "लोक डॉक्टरपासून आन् माझ्यापासून सारखंच लपवितेत," असं तो एकदा मला म्हणाला होता. कुणी कीबोर्डवर चहा सांडलेला असायचा, कुणी चोरीचं सॉफ्टवेअर घालून व्हायरस ओढवून घेतलेला असायचा, आणि सगळे तोंड वर करून म्हणायचे, आम्ही काहीच केलं नाही. माधवला उघडल्याबरोबर कळायचं. तरी मशीन परत देताना तो प्रत्येकाला एकच कारण सांगायचा, की धूळ बसली होती, काढली. कुणाला कधी उघडं पाडलं नाही. मला तेव्हा हे फार कौतुकाचं वाटायचं.

एकदा जिंतूरकडच्या एका लग्नाचं चित्रण त्याच्याकडे आलं होतं. दुसऱ्याच कुणी तरी जोडलेलं, आणि त्यात आवाज मागे मागे पडत गेलेला. मंगलाष्टकांपर्यंत ठीक, पण वरातीत नवऱ्यामुलाचा मामा तोंड उघडतो आणि त्याचं ओरडणं तो तोंड मिटल्यावर येतं. मी सहज गेलो होतो, तर हा पठ्ठ्या वरातीतल्या हलगीवाल्याची काडी बघत बसलेला. काडी खाली आली की आवाज आला पाहिजे, असं म्हणत एकेक टिपरी जुळवत तीन तासांची वरात त्याने सरळ केली. मी म्हणालो, कुणाला कळणार आहे रे? तर म्हणाला, हलगीवाल्याला कळंल. तो हलगीवाला ते चित्रण कधी बघणार होता, देव जाणे.

अशा माणसाच्या दारात तिसऱ्या दिवशी लोक उभे होते. सांत्वनाला नव्हे. आमच्या हळदीचा पेनड्राइव्ह तुमच्याकडे राहिलाय, आमच्या पोराच्या बारशाचं चित्रण त्यांच्या मशीनमध्ये आहे, तेवढं शोधून द्या. गरज सरो, वैद्य मरो, हे मी पोरांना शिकवलं होतं, डोळ्यांनी तिथे पाहिलं. कपाळ उघडं असलेली ती बाई राखेचा दिवस आटोपून आली होती आणि एक जण तिला विचारत होता, की मशीनचा पासवर्ड काय. मी त्या माणसाला दारातून हाकलून दिलं. फार तावातावाने बोललो, दोन शब्द जास्तच बोललो. घरी येताना बसमध्ये वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा त्या याच.

कारण मी काय केलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी सगळी जमापुंजी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर होती. शाळेची जुनी चित्रणं, गॅदरिंगं, सहली आणि ही फिल्म. माधवनेच ती आणून दिली होती आणि निक्षून सांगितलं होतं, की गुरुजी, हिला अंड्यागत जपा, टेबलाच्या कडंला ठिवू नका. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मी मोबाइलच्या चार्जरची वायर ओढली आणि तिच्याबरोबर डिस्क फरशीवर आली. उचलून जोडली तर चालू झाली. बारीक टकटक आवाज येत होता, तिकडे मी कानाडोळा केला. फोनवर माधवने आपल्या रीतीने सुरुवातीलाच विचारलं, "डिस्क कुठं आपटली-बिपटली का, गुरुजी?" मी म्हणालो, छे, कशाला आपटेल! झाकली मूठ सव्वा लाखाची. पोराने एवढं बजावलेलं, आता कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि मग चाळीस मिनिटं तो जिथे बिघाड नव्हता तिथे बिघाड शोधत बसला. मी खरं बोललो असतो तर पाच मिनिटांत फोन संपला असता. तो उठला असता, डॉक्टरकडे गेला असता, निदान आडवा तरी झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदावरीच्या काठी त्याला अग्नी दिला आणि दुपारी मी पालमला परत येऊन डोक्याला फेटा बांधून घेतला. मांडव घातला होता, पाहुणे आले होते, त्यांना परत कसं पाठवायचं... हे कारणही मीच शोधलं. फिल्म अर्थात दाखवली नाही. डिस्क त्या सकाळीच, फिल्म दाखवायला आणलेल्या लॅपटॉपला जोडून पाहिली होती, ती पुन्हा चालूच झाली नाही. छत्तीस वर्षं गेली. आणि खरं सांगतो, मनात आलं, की माधवनेच लांबून काही तरी केलं असणार. पुढचे कित्येक दिवस मी मेलेल्या माणसावर हा आळ मनातल्या मनात घेत होतो.

दहाव्याला सुनीताने मला बाजूला बोलावून विचारलं, "गुरुजी, त्या दिवशी एवढा येळ कायला लागला हो? ते तर दहा मिन्टात सोडवायचे." तिच्या आवाजात ठपका नव्हता. तिला फक्त नवऱ्याच्या शेवटच्या चाळीस मिनिटांचा हिशेब लागत नव्हता. तो हिशेब माझ्याजवळ होता. मी म्हणालो, मशीनचं काही सांगता येत नाही, बाई. त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. माझ्या पहिल्या खोट्याने माधव गेला की नाही हे डॉक्टर सांगतील, पण दुसरं खोटं तर मी त्याच्या बायकोच्या तोंडावर, त्याच्या फोटोसमोर बोललो होतो.

गेल्या आठवड्यात मी गंगाखेडला गेलो. दुकान अर्धं उघडं होतं, सुनीता अल्बमची पानं लावत होती. पोटापाण्याला काही तरी करावंच लागतं. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, वायर, फरशी, टकटक, छे म्हणालो ते. ती रडेल, बोल लावेल, उठून आत जाईल, असं वाटलं होतं. खरं तर तिने चार शब्द सुनवावेत एवढ्यासाठीच मी गेलो होतो.

तिने हातातलं पान खाली ठेवलं. म्हणाली, "त्यायला माहीत होतं, गुरुजी."

मग तिने सावकाश सांगितलं. त्या दुपारी ती तिथेच, त्याच्या शेजारी बसली होती. फोन चालू असताना माधवने त्याच्यावर हात ठेवला आणि तिला हळू आवाजात म्हणाला, की गुरुजीची डिस्क पडलीय, टकटक इथपर्यंत ऐकू यायलीय, सांगायला लाजायलेत. तिने त्याला म्हटलं, मग सांगून टाका आन् ठिवा की फोन, तुमचा चेहरा बगा कसा झालाय. तर तो म्हणाला, "गुरुजीला कसं म्हणू? आन् ही डिस्क एकदा बंद पडली तर परत चालू व्हायची न्हाई. चालू हाय तवर निघंल तेवढं काढून घेतो."

पालमला घरी आल्यावर त्या दिवसानंतर पहिल्यांदाच माझं मशीन चालू केलं. एवढे दिवस त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नव्हती. त्या दुपारी पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू भरत होती, ती काय आहे म्हणून मी विचारलं होतं आणि माधव म्हणाला होता, कचरा साफ करायलोय, चालू द्या. शोधता शोधता एक फोल्डर सापडलं. नाव दिलं होतं, गुरुजी. आत माझी छत्तीस वर्षं होती. आधी सगळ्यांत जुनी गॅदरिंगं, मग सहली, मग पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेऱ्या, जे पुन्हा कधी घेता येणार नाही ते सगळं आधी. सेवापूर्तीची चित्रणं त्याने शेवटी ठेवली होती. माझं मनोगत अर्ध्यात तुटलं आहे, मी बटण दाबून धरलं तिथे, आणि ड्रोनचं तर आलेलंच नाही. त्याचं मला काडीचंही दुःख नाही.

बायको देवळात गेली होती. घरात मी एकटा होतो. वस्तीवरच्या पोरांचं कुठलं तरी जुनं गॅदरिंग पडद्यावर चालू होतं, पोरं नाचत होती, आवाज आणि चित्र बरोबर होतं. आणि मी शाळेत ओरडायचो तसा मोठ्याने ओरडलो. अरे गाढवा, एवढं ऐकू येत होतं, तर एकदा म्हणायचं होतंस... गुरुजी, तुम्ही खोटं बोलताय.