राखणदारावरचा राखणदार

"काका, बाबा सकाळपासून दिसत नाहीयेत, फोनही उचलत नाहीयेत. जरा बघता का?" दुबईहून अभिजितचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. खरं सांगतो, मला रागच आला. दळवी सर माझ्या दारासमोरच्या दारात राहणार, आणि ते दिसत नाहीत हे मला दुबईत बसलेल्या त्यांच्या मुलाने सांगायचं? पण बेल वाजवली, दार ठोठावलं, हाका मारल्या... आतून फक्त पंख्याचा आवाज. चावी माझ्याकडे नव्हती. शेवटी सुताराला बोलावून दार तोडलं. सर स्वयंपाकघरात ओट्याशी पडलेले होते. या गोष्टीला आता दीड महिना होईल.

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत एक रीत आहे. घराची दुसरी चावी शेजाऱ्याकडे. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण वर्षानुवर्षं चालत आलंय. सरांची चावी आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला, आमची त्यांच्या फ्रीजवर असायची. सर गावी गेले की मंदा, म्हणजे माझी बायको, त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायची, आम्ही सावंतवाडीला गेलो की आमचं दूध सर तापवून ठेवायचे आणि अर्धं पिऊन टाकायचे, वर म्हणायचे, "परब, दूध नासलं असतं हो!" जन्मभर मराठी शिकवलेला माणूस, बायको गेल्यावर एकटाच राहिलेला, पण रडगाणं कधी गायला नाही. गच्चीवर चार माणसं जमली की गोष्ट सांगायचेच, आणि फिरून फिरून तीच.

जुन्या लोकांच्या तोंडची गोष्ट. एका जमीनदाराने आमराईला राखणदार ठेवला. माणूस इमानी. पण मालकाच्या मनात पाल चुकचुकली, म्हणून त्याने राखणदारावर नजर ठेवायला आणखी एक माणूस गुपचूप झाडावर बसवला. एके दिवशी राखणदाराला पानांमधून दोन डोळे दिसले. तो काही बोलला नाही, तक्रार केली नाही, फक्त त्या अंगाला फिरकेनासा झाला. चोर आले ते त्याच अंगाने. आणि वरचा? त्याला राखणदारावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. राखणदार दिसेना, तेव्हा तो निवांत झोपला. "आता सांगा, चूक कोणाची?" सर विचारायचे. मी दर वेळी म्हणायचो, राखणदाराची. मुकाट्याने रुसून बसण्यापेक्षा मालकाला जाब विचारायचा होता. सर हसायचे. "परब, तुमच्यावर अजून कुणी नजर ठेवलेली नाही."

दिवाळीत अभिजित आला, तेव्हा हॉलच्या शोकेसवर एक पांढरं यंत्र बसवून गेला. सरांना सांगितलं, वायफायचं आहे. पुढे एका संध्याकाळी मी तिथेच बसलेलो असताना त्याचा फोन आला. स्पीकरवर होता. "बाबा, मघाशी खुर्चीतून उठताना तोल गेला ना? काठी का घेत नाही?" सरांचा तोल गेला होता खरा, पण तेव्हा मीसुद्धा आलेलो नव्हतो. सर शोकेसकडे बघत राहिले. "घेईन," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी म्हटलं, उपटून फेका तो कॅमेरा! ते म्हणाले, "कशाला? त्याला टेन्शन येईल." तो आवाज सरांचा वाटेना.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारात येऊन त्यांनी स्वतःची चावी परत मागितली. मी देवाशपथ सांगितलं, सर, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. "मी काही विचारलंय का?" ते म्हणाले. मग आमची चावी माझ्या हातावर ठेवली आणि दार लावून घेतलं. मला फार लागलं ते. मुलाने केलं आणि शिक्षा आम्हाला? त्यानंतर सर हॉलमध्ये बसेनासे झाले. स्वयंपाकघरात स्टूल टाकून तिथेच वाचायचे, तिथेच जेवायचे. मंदा म्हणायची, "अहो, हे काही बरं लक्षण नाही." मी म्हणायचो, निवळेल. निवळलं नाही.

डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ जिवंत असावेत. अभिजित आला तेव्हा माझा हात धरून एकच सांगत होता, "खुर्ची रिकामी दिसली काका, मला वाटलं खाली फिरायला गेले असतील... रोजच रिकामी दिसायची." मी त्याला चार शब्द सुनवायचे ठरवले होते. त्याचं तोंड बघून सगळे गिळले. दिवसकार्य करून तो परत गेला. दाराला नवीन कुलूप बसवलं आणि त्याची चावी माझ्याकडे ठेवून गेला.

गेल्या आठवड्यात खिडक्या उघडायला म्हणून मी आत गेलो. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि खिशातला फोन वाजला. अभिजित. "काका, तुम्ही दिसलात म्हणून केला. बाबांच्या खुर्चीत दोन मिनिटं बसाल? बोलू नका काही... नुसते बसा." शोकेसवर हिरवा दिवा जळत होता. बसावं असं खूप वाटलं हो, पोरगाच आहे तो... पण पाय तिकडे वळेनात. मी फोन कट करून स्वयंपाकघरात गेलो आणि सरांच्या स्टुलावर बसलो. फोन पुन्हा वाजायला लागला. मी तिथेच बसून राहिलो, त्याला दिसणार नाही असा.