न खाल्लेला गूळ

माझे सासरे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आदिमानव झाले. आता माझी मुलगी पुण्यात राहून तेच करते, त्याला 'पॅलिओ' म्हणते आणि मला फोनवर समजावते, "आई, धान्य नाही, डाळ नाही, साखर नाही, दूध नाही. मटण, मासे, अंडी, भाज्या. बस." मी हूं हूं करत ऐकून घेते. तिच्या जन्माआधी आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय, आणि त्यात माझ्या हुशारीपायी एका माणसाच्या पायाचं बोट गेलंय, हे तिला कुठे माहीत आहे?

मी वाईची. वडील शाळामास्तर, घर घाटापासून हाकेच्या अंतरावर. लग्न होऊन आले ती इस्लामपूरजवळच्या एका गावात. नदी तीच, कृष्णा, फक्त इथे येईस्तोवर ती चांगली अंगाने भरलेली आणि दोन्ही काठांना नजर पोचेल तिथवर ऊस. नवरा फौजेत. लग्नानंतर महिनाभरात त्याची सुट्टी संपली आणि घरात आम्ही तिघंच उरलो, सासूसासरे आणि मी. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे सासऱ्यांना मामा म्हणायचं आणि सासूबाईंना आत्या.

मामा सुभेदार होऊन निवृत्त झालेले. रोज पहाटे पाचला पायात बूट चढवून सगळ्या शेताच्या बांधावरून फेरी मारायची, हा त्यांचा नेम. पाऊस असो, अंगात ताप असो, फेरी चुकायची नाही. त्या बुटांच्या आवाजावर शेजारच्या बायका चुली पेटवायच्या. मला नव्या नवरीला तो आवाज सुरुवातीला नकोसा वाटे, मग हळूहळू त्याच्याशिवाय जाग येईना.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. एके दिवशी चपला घालून रानात गेले असताना मामांच्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटात तोडलेल्या उसाचा बुडखा घुसला. रक्त चपलभर, पण त्यांना पत्ता नाही. "दुखलंच न्हाई," म्हणाले. मला वाटलं, फौजी माणूस, असेल कणखर. दुखत नाही हेच दुखणं आहे, हे सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. साखर होती, आणि चांगली जुनी होती.

हे डॉक्टरही फौजेतून निवृत्त झालेले. बाकीचे डॉक्टर तेव्हा 'साखर कमी करा' म्हणून मोकळे होत. यांचं डोकं वेगळं होतं.

"सुभेदारसाहेब, पाय ठेवायचाय ना?" त्यांनी विचारलं.

"आवं, पाय न्हाई तर फेरी कशानं मारू?"

"मग गोळ्या घ्यायच्या, जखम रोज धुवायची, आणि माणूस शेती करायला लागला त्याच्या आधी जे खात होता तेवढंच खायचं. धान्य बंद, डाळी बंद, दूध बंद. साखर, गुळाचं नाव नको. मटण, मासे, अंडी, पालेभाजी, काकडी, मुळा. साखर आटोक्यात आली नाही, तर आधी बोट जाईल. मग पाय."

 मामा म्हणाले, "म्हंजे माझ्या रानात पिकतंय त्यातलं कायबी नको?"

मी सातारच्या कॉलेजात बी.ए. झालेली, म्हणून मला बरोबर नेलेलं. मी वहीत ठळक अक्षरात लिहून घेतलं, 'धान्य बंद', आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघांचा मला पुढे महिनाभर फार अभिमान होता.

आषाढ सरायला चार दिवस राहिले होते. ते चार दिवस झकास गेले. गावात तसाही सगळ्यांचा आदिमानव झालेलाच असतो त्या दिवसांत. पाचव्या दिवशी श्रावण लागला आणि आत्यांनी अंड्यांची टोपली उचलून शेजारी देऊन टाकली.

"सरावणात ह्या घरात अंडं शिजलं न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूच्या सासूपास्नं न्हाई."

"अगं पर डाक्टरनं..." मामा म्हणाले.

"डाक्टर काय देवाच्या वरचा हाय व्हय? म्हैनाभराचा तर परश्न हाय."

आता धान्य नाही, डाळ नाही, मटण-अंडी नाही. मग माणसाने खायचं काय, नुसता पाला? दोघंही माझ्याकडे बघायला लागली आणि माझ्या अंगात वाई संचारली. अहो, आमच्या घरात उपास म्हणजे सण! सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. माझ्या आईचा स्वयंपाक निम्मा उपासाचाच. उपासाला काय चालत नाही? धान्य. आणि डॉक्टरांनी काय बंद केलंय? धान्यच. मी म्हटलं, "आत्या, तुम्ही काळजी करू नका. महिनाभर मामांच्या ताटात धान्याचा कण पडू देणार नाही."

आणि खरंच पडू दिला नाही. सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी वरीचा भात आणि दाण्याची आमटी. संध्याकाळी बटाट्याची भाजी, कधी रताळ्याचा कीस, कधी राजगिऱ्याच्या पुऱ्या, मधल्या वेळेला चार खजूर. रताळं तर कंदमूळ, आदिमानवच कशाला, ऋषीमुनीसुद्धा तेच खायचे, असंही मी आत्यांना पटवून दिलं. आत्यांनी बायकांना सांगितलं, माझी सून लय हुशार, डाक्टरचंबी राखती आन् देवाचंबी. मामा बोटं चाटत म्हणायचे, "सूनबाई, असला आदिमानव व्हायला मी जलमभर तयार हाय." 

पंधरा दिवसांनी दाखवायला या, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पण नागपंचमीला नणंदा माहेरी आल्या, मग पाऊस थांबेना, आणि मामांचं एकच, की दुखत नाही म्हणजे बरं आहे. श्रावणाच्या शेवटी आत्यांनाच पायाचा वास आला. पट्टी सोडली तर बोट काळं पडलेलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी आणि मामा सांगलीला. आत्या जनावरांपायी घरी थांबल्या.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कागद हातात घेऊन बसून राहिले. "काय खाता?" त्यांनी विचारलं. मामांच्या आधी मीच बोलले. सगळा महिना म्हणून दाखवला, साबुदाण्यापासून खजुरापर्यंत. शेवटी म्हटलं, "धान्याचा कणसुद्धा नाही, डॉक्टर." शाबासकीची वाट बघत होते मी, अगदी खरं सांगते.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मुली, साबुदाणा, वरी, बटाटा... अगं, याची पोटात गेल्यावर साखरच होते. भाकरी परवडली असती. उपासाला काय चालतं ते देवाचं झालं. मी रोगाचं सांगत होतो."

बोट काढावं लागलं. वर किती जाईल, ते आठवडाभर सांगता येत नव्हतं. मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडले. माहेरी जावं, परत तोंड दाखवू नये, असं वाटत होतं. नवऱ्याला पत्रात काय लिहिणार होते? की तुमच्या वडिलांना मी खिचडी घालून पांगळं केलं?

शुद्धीवर आल्यावर मामांनी मला जवळ बोलावलं. "सूनबाई, रडायचं न्हाई. शिपायानं हुकूम पाळला. हुकूम नीट द्यायला नको का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "डाक्टर आणि तू काय बोललात ते ह्या खोलीतनं भाईर जाणार न्हाई. ही आर्डर हाय."

तिसऱ्या दिवशी आत्या आल्या. गाठोडं खाली ठेवायच्या आत मामा म्हणाले, "अगं, माझीच चूक. तुमची नजर चुकवून गूळ खात हुतो रोज. ऱ्हावलं न्हाई."

आत्यांनी गाठोडं खाली ठेवलं. मी खिडकीबाहेर बघत होते.  खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज आजही वाटते.

पाय वाचला. गोळ्यांनी, रोजच्या सुईनं की पथ्यानं, ते मला सांगता येणार नाही. मामांना घरी आणल्यावर आत्या आधी धान्याच्या कोठीत गेल्या, जरा वेळाने बाहेर आल्या, आणि मग त्यांनी आळी डोक्यावर घेतली. "फौजेत मेडलं मिळीवली आन् घरात गूळ चोरतोय! लाज हाय का?" कोठीला कुलूप लागलं, किल्ली कमरेला गेली. मामा दारात पाय लांब करून हसत बसलेले.

त्यानंतर खरा आदिमानव सुरू झाला. साबुदाण्याचा कंटाळा आला, असं मामांनीच जाहीर करून टाकलं, म्हणजे मला काही सांगावं लागू नये. सकाळी उकडलेली अंडी. दुपारी कोंबडी नाहीतर नदीचे मासे. रोज पाला, माठ, घोळ, चाकवत, तांदुळजा, बांधावर काय उगवेल ते. चहा कोरा. लग्नाला गेले तरी मामांचा डबा बरोबर, पंगतीत सगळ्यांच्या पानावर जिलेबी आणि यांच्यापुढे सुकं मटण. मग शेजारचा पाहुणा स्वतःची साखर तपासून घेतो म्हणायचा. दिवाळीपर्यंत मामा पुन्हा फेरीला जायला लागले. बुटांचा आवाज बदलला होता. एक पाऊल वाजायचं, दुसरं घासायचं. मी अंथरुणात पडून तो घासण्याचा आवाज मोजायची.

सगळ्यात वाईट वाटायचं गुऱ्हाळावर. आमच्याकडे गुऱ्हाळ चालू असलं की येईल त्याला रसाचा पेला आणि गरम गुळाचा गोळा दिल्याशिवाय पाठवत नाहीत. तो द्यायचं काम घरमालकाचं, म्हणजे मामांचं. ते लांब दिसले की गडी ओरडायचे, "सुबेदार आलं रं, गूळ झाका!" सगळे हसायचे. मामाही हसायचे, पाहुण्याच्या तळहातावर गोळा ठेवायचे आणि आपली बोटं धुऊन टाकायचे. ज्याने महिन्याभरात गुळाला बोट लावलं नव्हतं, त्याला सगळा गाव गूळचोर म्हणत होता, आणि मी पेले विसळत गप्प होते.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा उलगडली नाही. पुढच्या श्रावणात आत्यांनी घरामागच्या परड्यात तीन दगड मांडले, एक वेगळं पातेलं आणलं आणि रोज सकाळी तिथे मामांची अंडी स्वतः उकडू लागल्या. मला हात लावू देईनात. अंडी ताटात वाढायची, मग डोक्यावरून आंघोळ, मग देवाला फूल. भर श्रावणात रोज दोन आंघोळी. मी विचारलं, "आत्या, सासूच्या सासूपासून नाही ना?" तर म्हणाल्या, "देवाला कळतंय समदं. तू पाणी तापीव." घरात नातवंडं आली, दिवस पुढे गेले, पण ते तीन दगड कुणी हलवले नाहीत.

आठ वर्षं मामा दोन्ही पायांवर चालले. गेले ते झोपेत, आदल्या पहाटेची फेरी करून.

त्या वर्षीचा श्रावण लागला त्या सकाळी आत्या परड्यात गेल्या. उकडायला काही नव्हतं. नुसत्या त्या दगडांपाशी बसल्या. मी जवळ जाऊन बसले आणि मला राहवेना. आठ वर्षांचं सगळं ओकून टाकलं. साबुदाणा, वरी, डॉक्टर काय म्हणाले, मामांनी काय हुकूम दिला. "त्यांनी गूळ खाल्लाच नव्हता, आत्या. माझ्यासाठी खोटं बोलले. बोट माझ्यामुळे गेलं."

आत्या बराच वेळ दगडावरची काजळी खरवडत राहिल्या.

"गूळ न्हवता खाल्ला, ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "घरला आल्या आल्या बघितलं की म्या. डबा तर डाक्टरनं सांगितलं त्याच दिशी म्या रिकामा केल्याला, आन् ढेप कापडात शिवलेली. टाकाबी सुटला न्हवता. चोरील कुठनं?"

"मग एवढी ओरडलात का त्यांना? आठ वर्षं?"

"सरावण कुणी धरला हुता? अंडी कुणी भाईर काढली?" त्यांचा आवाज फाटला. "मला वाटलं, माझ्या नादानं बोट गेलं, आन् माझ्या जिवाला लागू नये म्हणून म्हणत्यात गूळ खाल्ला. म्या म्हटलं, म्हणत्यात तर म्हणू द्या. वराडले नसते तर त्यांस्नी कळलं असतं, की मला कळलंय."

 मग मला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं, आणि हसता हसता दोघीही रडायला लागलो. एकाच न खाल्लेल्या गुळावर त्या माणसाने दोन बायकांची घरातली पत आठ वर्षं राखली होती, आणि दोघींनाही वाटत होतं, की हे आपल्याच एकटीसाठी.

आत्या उठल्या. कमरेची किल्ली काढून कोठी उघडली, यंदाच्या ढेपेचा टाका उसवला आणि बत्त्याने एक चांगला मुठीएवढा खडा फोडला. तो घेऊन मामांच्या फोटोपुढे गेल्या आणि वाटीत ठेवला.

"घ्यावा, खावा आता," त्या म्हणाल्या. "नाव तर कवाच झालंय."