चीर कशासाठी वाढवली

माझी आत्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर बसून ऑपरेशनच्या नोंदींना कोड द्यायची. कोड सात अक्षरांचा. त्यातलं पाचवं अक्षर एवढंच सांगतं की सर्जन आत कसा शिरला: पोट उघडून, सुईने, की बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून. हे एक अक्षर तिने तेरा वर्षं जिवापाड सांभाळलं. मथळ्यावर ती कधी विसंबली नाही. वर दुर्बीण लिहिलेली असते आणि खाली चौथ्या परिच्छेदात, रक्त थांबेना म्हणून, पोट उघडलेलं असतं. नव्या मुलींना ती म्हणायची, "बायांनो, लग्नपत्रिका वाचून संसार कळतो का? खालपर्यंत वाचा."

यंदा तपासणीत तिच्या दोन चुका निघाल्या. तिसरी निघाली की काम बंद, असं साहेबांनी लेखी दिलं. तेव्हापासून ती प्रत्येक फाइल दोनदा वाचू लागली. जेवतानाही तिची बोटं ताटाच्या कडेवर काहीतरी टाइप करत राहायची.

"अगं, धड जेव तरी," बाबा म्हणायचे.

"जेवतेय की, दादा."

मग आतड्याच्या ऑपरेशनची एक फाइल आली. तपासणारी मुलगी आत्याच्याच हाताखाली तयार झालेली. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

"ताई, इथे 'उघडून' का टाकलंत?"

"चीर वाढवलीय ना. शेवटून दुसरी ओळ बघ."

"बघितली. पण आतड्याचा तुकडा आतच कापला, दुर्बिणीने. चीर वाढवली ती तो बाहेर काढायला. त्याने आत शिरायचा मार्ग बदलत नाही." मुलीचा आवाज खाली गेला. "तुम्हीच शिकवलंत हे."

आत्याने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. 'चीर वाढवली' एवढं दिसताच भीतीने तिचा हात धावला होता. दोनदा वाचूनही पुढचे शब्द डोक्यात शिरले नव्हते.

"मी ही फाइल पाहिलीच नाही असं समजू का? साहेबांना कुठे कळतंय यातलं?" मुलगी पुटपुटली.

"आणि उद्या तुझ्यावर शेकलं म्हणजे? वेडी कुठली. लिही चूक."

मुलगी लिहीना. शेवटी आत्यानेच तपासणीचा कागद ओढून घेतला आणि कारण लिहिलं, नेहमीच्या गोल, सुटसुटीत अक्षरात.

संध्याकाळी तिने हे सगळं चपला न काढता, दारातच सांगून टाकलं.

"बघू गं, दुसरं काहीतरी मिळेल," बाबा म्हणाले.

"छपन्नाव्या वर्षी काय मिळणार, दादा? मला हे एकच येत होतं." तिने चपला काढल्या. "आणि तेही येत नाही."

बाबा तिच्या पाठीवर हात ठेवायला उठले. "नको रे," ती म्हणाली, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.