वायफायसाठी घातलेलं गाऱ्हाणं

थांबा, हे आत्ताच सांगते! सकाळी लॅपटॉप अपडेट केला आणि वायफायच गायब. मोबाइलला रेंज नाही, आणि दुपारी घरबसल्या करायच्या नोकरीची मुलाखत!

बाबांनी लॅपटॉपसमोर हात जोडून देवळातल्यासारखं गाऱ्हाणंच घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्येका वायफाय गावांदे, नायतर चेडवाक नोकरेक मुंबयेक धाड!" चेडू म्हणजे मी, त्यांची मुलगी.

"व्हय म्हाराजा!" आई हसत म्हणाली.

मी मात्र 'व्हय म्हाराजा' म्हटलंच नाही. "मी खंय जावचंय नाय!"

मग अपडेटने टाकलेला वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारा प्रोग्रॅम, मीच काढला आणि लॅपटॉपमध्येच राहिलेला जुना परत बसवला. आलं वायफाय! मुलाखत पडवीत बसूनच दिली.

"बाबा, आता मी हयच रवान म्हणान गाऱ्हाणा घाला. व्हय म्हाराजा मी म्हणतंय!"

तुमचंही वायफाय अपडेटनंतर असं पळालंय का?