आमच्या हॉलमधलं टेस्टिंग डिपार्टमेंट

माझ्या नवऱ्यानं उभी हयात चाकणला गाड्यांच्या सीटा फाडण्यात घालवली. ऐकायला बरं वाटत नाही, पण पगार त्याचाच मिळायचा. कंपनीच्या टेस्टिंग डिपार्टमेंटमध्ये माणसाच्या बुडाच्या आकाराचं एक यंत्र होतं. ते नव्या सीटवर बसायचं, जरा घासायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. हे शेजारी उभे राहून सीट कुठे उसवते याची वाट बघायचे. उसवली की त्या दिवशी घरी येताना चेहरा उजळलेला. "आज फेल्युअर मिळालं!" लोकांचे नवरे प्रमोशन मिळालं म्हणून सांगतात.

मग ते रिटायर झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि मला नवरा मिळाला, दिवसभराचा. पुनावळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये फाडण्यासारखं फारसं काही नव्हतं. आधी त्यांनी सगळ्या दारांच्या बिजागऱ्या तपासल्या. मग मी फ्रिजचं दार किती जोरात लावते यावर एक छोटं भाषण झालं. मग तपासायला काही उरलं नाही, तेव्हा सकाळी कंपनीच्या बसची वेळ झाली की गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसू लागले. बस बायपासवरून जाते. आमच्या गॅलरीतून ती दिसतसुद्धा नाही.

गॅलरीतून दिसते ती धूळ. समोर एक इमारत उठतेय, तिच्या मागे दुसरी, आणि दोन्हींच्या बोर्डावर 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिलंय. निसर्ग सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारपर्यंत इतका साचतो की बोटानं सही करता येते. ही तक्रार मी फोनवर मुलाकडे केली आणि मुलीकडेही केली, ही माझी चूक. दिवाळीच्या आधी एकाच आठवड्यात आमच्याकडे दोन व्हॅक्युम क्लीनर आले.

मुलानं बंगळुरूहून पाठवलेला क्लीनर पिंपाएवढा होता. चाकांवर चालायचा आणि मागे हत्तीच्या सोंडेसारखा पाइप. तळेगावला राहणाऱ्या मुलीनं पाठवलेला उभ्या काठीसारखा, बॅटरीवर चालणारा, दिसायला देखणा. एकमेकांना न विचारता भेट द्यायची आमच्या मुलांना लहानपणापासूनची सवय आहे. एकमेकांची भेट नावं ठेवून परतवून लावायचीही.

"आई, ते काठीवालं खेळणं आहे. परत कर," मुलगा म्हणाला.

"दादाला काय कळतंय? त्याच्याकडे झाडायला बाई येते," मुलगी म्हणाली. "त्याचं पिंप परत कर."

मी फोन ठेवून ह्यांच्याकडे बघितलं. हे खुर्चीत ताठ बसले होते. कितीतरी दिवसांनी.

"भावनेच्या भरात ठरवायचं नाही," हे म्हणाले. "दोन्हींची टेस्ट घेऊ. जो फेल होईल तो परत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा स्वयंपाकघरातून शिट्टीचा आवाज येत होता. कुकरची नव्हे, ह्यांची. हॉलमधला सोफा भिंतीला गेला होता आणि ह्यांनी पायात कंपनीचे जाड बूट घातले होते. घरात, चपला बाहेर काढायच्या घरात. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माणूस शिट्टी वाजवत होता.

"अगं, रवा दे."

आयुष्यभर मी पोरांना सांडू नका, सांडू नका म्हणून ओरडले. त्या सकाळी मी स्वतःच्या हातानं हॉलभर रवा सांडला, तोही सारखा पसरत नाही म्हणून बोलणी खात. मग कापसाचे धागे. मग खिडकीच्या खाचेतली धूळ. मग हे माझा कंगवा घेऊन आले आणि त्यातले केस मोठ्या काळजीनं फरशीवर मांडू लागले. लग्नानंतर माझ्या केसांकडे इतक्या बारकाईनं कुणी पाहिलं नव्हतं.

पिंपानं रवा एका दमात ओढला, आणि त्याच दमात पडद्याची किनार आणि एक मोजाही. काठीनं मोजा सोडला, पण केस ब्रशभोवती असे गुंडाळले की हे दुपारभर कात्रीनं ते कापत बसले. "दोघंही उत्तम," असा निकाल लागला. म्हणजे माझी सुटका नव्हती.

"परफॉर्मन्स झाला. आता ड्युरेबिलिटी," हे म्हणाले.

ड्युरेबिलिटी म्हणजे पिंप बाथरूमच्या उंबऱ्यावरून ओढायचं. पलीकडे धपकन. अलीकडे धपकन. दुसऱ्या दिवशीही धपकन. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्या मूळच्या इथल्याच. जिथे आमची बिल्डिंग आहे तिथे त्यांचं शेत होतं.

"आवं वैनी, वर काय गिरणी टाकली का काय?"

मी दारातून बाजूला झाले. काकूंनी आत डोकावून पाहिलं. हे घामाघूम, हातात सोंड, पायात बूट. मला वाटलं आता चांगली सुनावतील. पण काकू चपला काढून आत आल्या आणि सोफ्यावर बसल्या.

"मला बी घ्यायचाच हाय यक," त्या म्हणाल्या. "ह्यो बारका पानी वढतो का हो?"

ह्यांना इतक्या महिन्यांत कुणी कामाचा प्रश्न विचारला नव्हता. "ओढू नये," हे म्हणाले. "पण समजा घरात पाणी सांडलंय, आणि बाईमाणसानं चुकून फिरवला, तर? कंपनीत आम्ही अशीही टेस्ट घ्यायचो."

"घ्या की मग," काकू म्हणाल्या. त्यांचं काय जात होतं?

ह्यांनी फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि एका हातानं काठी फिरवली. काठीनं घुर्र केलं, मग शेळीसारखा एक आवाज काढला आणि गप्प झाली. तिच्याकडे वाकून बघताना ह्यांच्या दुसऱ्या हातातून पिंपाचा पाइप सुटला, पिंप उंबऱ्यावरून कलंडलं आणि त्याचं एक चाक गडगडत काकूंच्या पायाशी जाऊन थांबलं.

"मिळालं!" हे ओरडले. "दोन्हींचं फेल्युअर मिळालं!"

काकूंनी टाळी वाजवली. मग हळूहळू ह्यांचा चेहरा उतरत गेला.

"अगं," हे म्हणाले, "ह्यातला एक परत द्यायचा होता ना?"

काकू "येते मी, दूध ठेवलंय गॅसवर" म्हणून गेल्या. हे सोफ्यावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. मला खूप बोलायचं होतं. तीन दिवसांचं साठलेलं होतं. पण नाड्या सोडणाऱ्या त्या बोटांकडे बघून मी चहा टाकायला उठले.

आम्ही दोन्ही यंत्रं रिक्षात घालून पिंपरीला सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. काउंटरवरच्या तरुणानं विचारलं, "काका, ह्याच्यात पाणी कसं गेलं?" तर ह्यांनी "आम्हीच घातलं" असं सांगून कारणही समजावलं. चाकाचं विचारलं तर उंबऱ्यावरून किती वेळा ओढलं तो आकडा सांगितला. तरुणानं पेन खाली ठेवलं.

"काका, हे घरातच वापरलं ना?"

वॉरंटी अर्थातच गेली. पिंपाला नवं चाक बसणार होतं. काठी मात्र संपली होती.

भाऊबीजेला दोन्ही मुलं आली. जेवणं झाल्यावर ह्यांनी घसा खाकरला आणि सगळं सांगितलं, माफी मागणाऱ्या माणसाच्या आवाजात. मला वाटलं, मुलं रागावतील, निदान हसतील.

"म्हणजे माझा जास्त टिकला," मुलगा म्हणाला.

"वा! चाक आपोआप तुटलं," मुलगी उसळली. "माझ्यात बाबांनी पाणी घातलं. ती फेअर टेस्ट आहे का? बाबा, तुम्हीच सांगा!"

आणि बाबा सांगू लागले. दोघांच्या मधोमध बसून, हातवारे करत, मोटार आणि चाक यांतला फरक समजावत. आवाज पुन्हा भरला. तासभर हे चाललं. ओवाळणीचं तबक मी उचललं, ताटं मी उचलली, आणि शेवटी मीच विचारलं, "चालवणार कोण आहे, ते कुणी विचारलंत का?"

तिघंही माझ्याकडे बघू लागले, जणू टेस्टमधला रवा बोलला.

"पिंप मला उचलत नाही," मी म्हणाले. "आणि काठी मी एकदा धरून बघितली, तिचं बटण सतत दाबून धरावं लागायचं. अंगठा भरून येतो. पण टेस्टमध्ये मी फक्त केस पुरवले."

पिंप चाक बसवून मुलीनं तळेगावला नेलं. भावाचं यंत्र तिच्या घरात दणकून चालतं, पण ते ती त्याला सांगत नाही. आम्ही दोघं पिंपरी कॅम्पात गेलो. दुकानदार वॅट सांगत होता, ह्यांनी त्याला थांबवलं आणि एकेक क्लीनर माझ्या हातात दिला. यंत्राकडे न बघता माझ्या मनगटाकडे बघत उभे राहिले. मी सगळ्यात हलका, जरा कुरूप असा एक निवडला. हे म्हणाले, "बिजागरी कच्ची वाटते." मी म्हणाले, "वाटू दे."

घरी आल्यावर मी सहज म्हणाले, "लॅबमधलं सोडा हो. रोजच्या वापरात वर्षानुवर्षं किती टिकतो, ही खरी टेस्ट. पण ती घेणार कोण? फार चिकाटीचं काम आहे."

हे खुर्चीत ताठ झाले.

तेव्हापासून रोज सकाळी, बसच्या वेळेला, हे क्लीनर काढतात. हॉल, दोन्ही खोल्या, पलंगाखाली, खिडक्यांच्या खाचा. मध्ये थांबून मोटारीचा आवाज कान देऊन ऐकतात. मी गॅलरीत खुर्ची टाकून चहा पिते आणि पाय वर घ्यायला सांगितलं की घेते. अजून फेल्युअर मिळालेलं नाही. हे जरा हिरमुसले आहेत. मी मात्र देवासमोर दिवा लावताना त्या कच्च्या बिजागरीसाठी रोज न चुकता हात जोडते.