वडिलोपार्जित गाणी

ती घटना मला आठवते, पण आठवू नये म्हणून मी पुष्कळ वर्षं खटपट केली. निवृत्तीनंतर लोक मला दरोड्यांच्या, खुनांच्या गोष्टी सांगायला बोलावतात, आणि मी त्या रंगवून सांगतो. ही गोष्ट कुठंच सांगितली नाही, कारण या प्रकरणात आरोपीइतकाच मीही दोषी आहे. नाव कुणाचं घेत नाही. पण माझ्या वयात आता पुढं ढकलण्याइतके दिवस उरत नाहीत.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी धुळ्यात फौजदार होतो. माझं गाव फैजपूरकडचं, केळीच्या पट्ट्यातलं, आणि तिकडची बोली वेगळी. धुळे-शिंदखेड्याकडची अहिराणी मला कळायची, पण बरीचशी अंदाजानं.

एका सकाळी ठाणे अंमलदारानं हसत हसत एका बाईंना माझ्यापुढं आणून बसवलं. म्हणाला, साहेब, यांची गाणी चोरीला गेली आहेत. साठीच्या आसपासची शेतकरी घरातली बाई, शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यातली. सगळे तिला अक्का म्हणत. लग्नात मांडवाखाली गाणी म्हणायला तिला पंचक्रोशीतून बोलावणं यायचं. व्याह्यांची, विहिणींची टिंगल करणारी ती गाणी ती स्वतः जोडायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं डोक्यात होतं.

तिची तक्रार अशी होती. धुळ्यातले एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन तीन उन्हाळे तिच्या ओट्यावर येऊन बसले होते. तिनं त्यांना जेवू घातलं, गाणी दिली. पुढं त्या गाण्यांचं पुस्तक निघालं, कॅसेट निघाली, आणि दोन्हींवर नाव प्राध्यापकांचं. तरीही ती गप्प बसली असती. पण त्या वर्षी शिंदखेड्यातल्या एका लग्नात नवरीच्या मामानं तिला भर मांडवात अडवलं, की अक्का, ही तर सरांची गाणी, तुम्ही स्वतःची म्हणून कशी सांगता? बायका हसल्या. त्यानंतर दोन घरांनी तिला दिलेलं बोलावणं परत घेतलं. अक्काला पैसा नको होता. गाणी तिची आहेत एवढं कुणीतरी सरकारी माणसानं म्हणावं, म्हणून ती एसटीनं धुळ्याला आली होती.

मी काय केलं? मीही हसलो. म्हणालो, अक्का, गाणं का भांडं आहे, की माळ्यावरून गेलं म्हणून पंचनामा करू? एक साधा अर्ज घेतला आणि तिला गावी पाठवून दिलं. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, त्याच्या पुढच्या आठवड्यातही आली. बाकड्यावर बसायची, पाणी प्यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत जायची.

प्रकरण हललं ते एका खबरीमुळं. धुळ्याच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा एक मुसलमान कारागीर होता. हा माणूस आपणहून ठाण्यात आला. म्हणाला, साहेब, ते पुस्तक मी जुळवलंय. पहिल्या प्रुफात प्रत्येक गाण्याखाली बाईंचं नाव होतं, गावासकट. प्रूफ परत आलं तेव्हा प्रत्येक नावावर लाल काट मारलेली होती. तो पुढं म्हणाला, "मी अडतीस ठिकाणची खिळ्यांची ओळ चिमट्यानं उपटून काढली साहेब. हाताला कळतं, आपण काय काढतोय ते." ते प्रूफ त्यानं रद्दीत घातलं नव्हतं.

मग मी जागा झालो. सरकारी वकिलांना विचारलं. त्यांनी सांगितलं की कॉपीराइटचा कायदा आता कडक झाला आहे, फौजदार वॉरंटशिवाय प्रती जप्त करू शकतो. मी अक्काला निरोप पाठवला आणि गुन्हा दाखल करून घ्यायला बसलो. त्या दिवशी दुपारी मंत्र्यांचा दौरा होता, बंदोबस्ताची गाडी बाहेर उभी होती. अक्का सांगत होती, मी रायटर हवालदाराला लिहायला सांगत होतो.

आमच्या खात्याची एक सवय इथं सांगायला हवी. चोरीच्या फिर्यादीत दागिना असो, तांब्याचा हंडा असो, आम्ही त्यापुढं 'वडिलोपार्जित' लिहायचो. वस्तू जुनी, घराण्यातली म्हटली की मालकी भक्कम होते, आरोपीला 'मीच विकत घेतली' म्हणता येत नाही. अक्कानं सांगितलं होतं की चाली आईच्या, शब्द माझे. मी लिहवलं, 'सदरची गाणी ही वडिलोपार्जित असून आमच्या घराण्यात पूर्वापार म्हटली जातात.' मला वाटलं, केस पक्की केली.

शेवटी नेहमीचं वाक्य आलं, 'माझी फिर्याद मला वाचून दाखवली, ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' वाचून काही दाखवलं नाही. गाडी हॉर्न देत होती. मी अक्काचा अंगठा शाईवर टेकवला, कागदावर उमटवला आणि बंदोबस्ताला निघून गेलो.

प्राध्यापकांना चौकशीला बोलावलं तेव्हा ते शाल पांघरून आले. ठाण्यातले दोन शिपाई त्यांचे जुने विद्यार्थी, ते उठून उभे राहिले. मीसुद्धा खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी मला तासभर समजावलं की लोकगीताला कर्ता नसतो, ते साऱ्या समाजाचं धन असतं, अक्का फक्त वाहक आहे. मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढं ठेवलं. पहिल्याच पानावर छापलं होतं, 'सर्व हक्क लेखकाधीन'. विचारलं, समाजाचं धन आहे तर हे हक्क कुणाचे? ते म्हणाले, ती छापण्याची पद्धत असते. अजूनही ते उत्तर आठवलं की डोकं तापतं. बाईनं नाव मागितलं की गाणी साऱ्या गावाची, आणि दुसऱ्या कुणी छापायची म्हटली की ती यांची. भुरट्या चोरांना मी पोटासाठी चोरी करताना पाहिलंय. या माणसाला पोटाला काही कमी नव्हतं.

त्यांच्या पुस्तकात एक गाणं होतं:

फुईनी लंगडी बकरी वं बाई, मांडोमा शिरनी,
नवरदेवना फेटा खादा, वरात माघारी फिरनी.

फुई म्हणजे आत्या. आत्याची लंगडी बकरी मांडवात शिरली, नवरदेवाचा फेटा खाल्ला आणि वरात परत फिरली, अशी ती टिंगल. प्राध्यापकांनी खाली टीप दिली होती, की फुई हे आदिमातेचं रूप असून लंगडी बकरी हे अवर्षणाचं प्रतीक होय. अर्धं पान भरून हे लिहिलं होतं. अक्काला मी ती टीप वाचून दाखवली. ती म्हणाली की फुई ते सोनगीरले ऱ्हास.

आदिमाता सोनगीरला राहत होती. दुसऱ्या दिवशी जीप पाठवून तिला आणलं. सत्तरीची, धिप्पाड, कमरेला पिशवी खोचलेली. भाच्याच्या लग्नात तिची बकरी सुटून मांडवात शिरली होती हे तिनं कबूल केलं. गाण्याचं नाव काढताच मात्र ती बिथरली.

"साहेब, मनी बकरी लंगडी नव्हती. चांगली चार पायवर चाले. लंगडी ते हिनी करी, गानामा. मी दोन वरीस हिनासंगे बोलनू नही."

अक्का पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, धडधाकट बकरी गाण्यात बसेना.

ठाण्यात त्या दिवशी सगळे हसले, पण तपास तिथंच संपला. गावाला माहीत असलेली बकरी धडधाकट होती. लंगडी बकरी फक्त अक्काच्या डोक्यातून निघाली होती आणि ती प्राध्यापकांच्या पुस्तकात तशीच लंगडत गेली होती. गाणं कुणी जोडलं याचा यापेक्षा चांगला पुरावा मला पुढं कुठल्याच केसमध्ये मिळाला नाही. प्रूफ पंचांसमक्ष जप्त केलं, प्रती जप्त केल्या आणि आरोपपत्र पाठवलं.

आरोपपत्राची जुळणी करताना फिर्याद पुन्हा वाचली तेव्हा 'वडिलोपार्जित' शब्दावर माझं बोट थांबलं. भांड्याला जो शब्द मालक देतो, तोच शब्द गाण्याचा मालक काढून घेतो, हे तेव्हा कळलं. उपाय होता. अक्काचा पुरवणी जबाब घेऊन खुलासा करता आला असता. पण मग फिर्याद वाचून दाखवली नव्हती हे उघड झालं असतं, आणि माझं नाव बढतीच्या यादीत होतं. मी कागद बांधून टाकले.

कोर्टात आरोपीच्या वकिलांनी नेमकं तेच वाक्य काढलं. अक्का म्हणाली, मी असं बोलले नाही. वकिलांनी विचारलं, खाली अंगठा कुणाचा?

"आंगठा मना शे," अक्का म्हणाली. "लिखेल मना नही."

पुढच्या तारखेला मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो. शपथ घेतली होती. वकिलांनी विचारलं, फिर्याद बाईंना वाचून दाखवली होती का? मागच्या बाकावर अक्का बसली होती. मी म्हणालो, होय, दाखवली होती. तिनं ऐकून बरोबर असल्याचं सांगितलं होतं.

फिर्यादच म्हणते गाणी पूर्वापारची, मग प्रुफातलं नाव नुसतं गाणारीचं, असं धरून कोर्टानं आरोपीला सोडलं. प्रती परत गेल्या. अक्का गावी गेली ती आता दुप्पट खोटी ठरून. आधी फक्त मांडवात खोटी होती, आता कोर्टानंही तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. मला बढती मिळाली.

या प्रकरणानं मला शिकवलं ते असं. कुणाचं लिहिलेलं, रचलेलं चोरणारा माणूस फार हुशार असावा लागत नाही. मधल्या माणसांनी 'यात काय गेलं' म्हटलं की त्याचं काम होतं. मी असा मधला माणूस होतो. आज मोबाईलवर रोज पाहतो, कुणीतरी जीव ओतून लिहिलेलं असतं, खालचं नाव कापून पुढचा ते स्वतःचं म्हणून पाठवतो आणि आपण अंगठा दाखवून वाहवा करतो. नाव कापणाऱ्यावर मला राग येतोच, पण नाव कापलेलं दिसत असून पुढं ढकलणाऱ्यावर त्याहून जास्त येतो. लिहिणाऱ्यांना एवढंच सांगेन, की तुमचं लिखाण कधी, कुठं, कुणापुढं केलंत याचा कागद तुमच्याजवळ ठेवा, आणि दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदावर ऐकल्याशिवाय सही करू नका, मग समोर वर्दी असली तरी.

नव्वदच्या दशकात बदली होऊन मी जळगावला होतो, तेव्हा एका सहकाऱ्याच्या घरच्या लग्नाला सोनगीरला गेलो. मांडवात कॅसेट वाजत होती, प्राध्यापकांची. अक्का बायकांच्या पंगतीत गप्प जेवत होती. जेवण झाल्यावर मी तिच्याजवळ गेलो आणि ओळख दिली. विचारलं, नवीन काय जोडलंत? ती म्हणाली, कोर्टातल्या त्या दिवसापासून एकही नाही. मनात ओळ येते, पण कुणाची म्हणून म्हणायची?

मी तिला सांगितलं की कोर्टात मी खोटं बोललो होतो. ती हात पुसत राहिली.

"माले ते तव्हयच म्हाईत व्हतं, भाऊ," ती म्हणाली. "माले काय सांगतस? लोकेसले सांगा."

मी मान हलवली आणि नोकरी संपेपर्यंत गप्प बसलो. नोकरी संपली तरी गप्प बसलो. आता अक्का नाही. पुस्तकाच्या मात्र नव्या आवृत्त्या निघतात.

म्हणून लोकहो, सांगतो. ती गाणी तिची होती, एकेक शब्द तिचा होता. कोर्टात ती खरं बोलली आणि मी खोटं बोललो.