सुवर्णाची यादी

निवडणूक म्हटलं की बार्शीच्या सुवर्णाच्या अंगात येतं, हे अमेरिकेतल्या अर्विंगच्या त्या अपार्टमेंटांमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीच्या बायका ताजी मेथी कुठल्या दुकानात आली ते सांगायच्या. ही बाई सिटी कौन्सिलला कोण उभं आहे, कोण पडणार आणि का पडणार, ते सांगायची. आणि गंमत बघा, स्वतःला मत नाही! नवऱ्याच्या, म्हणजे प्रतापच्या, कामाच्या व्हिसावर या देशात एकोणीस वर्षं काढली, दरवर्षी टॅक्स भरला, पण ग्रीन कार्डाची रांग काही पुढे सरकली नाही. बार्शीच्या यादीतून तर नाव कधीच उडालेलं. प्रचाराची पोरं दारात आली की ही त्यांना आत बसवून चहा पाजायची, कुठल्या गल्लीत कुणाला भेटा ते समजावून सांगायची, आणि शेवटी म्हणायची, "बट आय कान्ट व्होट." एवढं म्हटलं की ती पोरं अर्धा कप तसाच टाकून पुढच्या दाराला.

हे वेड तिच्यात आलं ते वडिलांकडून. अण्णांचं बार्शीत सायकलचं दुकान होतं आणि नगरपालिकेला उभं राहायची खोड होती. तीनदा उभे राहिले. अपक्ष, चिन्ह कपबशी. तिन्ही वेळा पडले. शेवटच्या वेळी अकरा मतांनी. अण्णा म्हणायचे, "सभा घशानं होते, निवडणूक यादीनं होते." वॉर्डाची मतदार यादी आली की ते ती घरागणिक फोडायचे आणि दहा वर्षांची सुवर्णा शेजारी लाल पेन्सिल घेऊन बसायची. हा मयत. ही लग्न होऊन गेली. हा दुबार, दोन ठिकाणी नाव. हा आपला. हा डळमळीत, याच्याकडे आईला पाठवा. मग चिठ्ठ्या लिहायच्या, एकेका मतदाराचं नाव, नंबर, शाळा कुठली, खोली कुठली. हजार-हजार चिठ्ठ्या त्या पोरीनं लिहिल्या. धाकटी चारुता तेव्हा दोन वर्षांची, ती पाकिटं चिकटवायची खळ बोटानं चाटत हिंडायची. निवडणुकीशी तिचा संबंध एवढाच.

अकरा मतांनी पडल्यावर अण्णा पुन्हा उभे राहिले नाहीत, आणि पुढे फार जगलेही नाहीत. सुवर्णाच्या मनात मात्र एक गोष्ट रुतून बसली. एकदा, फक्त एकदा, आपण फोडलेल्या यादीवर कुणीतरी निवडून यावं आणि चारचौघांत म्हणावं, हे सुवर्णाचं काम. बस्स, दुसरं काही नको. पण अमेरिकेत बसून असल्या इच्छेचं करायचं काय? लोणचं?

आणि मग जानेवारीत इंग्लंडहून चारुताचा फोन आला.

चारुताचा नवरा तिकडे डॉक्टर. अकरा वर्षं झाली होती तिला त्या शहरात. कायम राहायचा परवाना मिळालेला, पासपोर्ट अजून भारताचाच. आणि त्या पासपोर्टावर तिला तिथल्या सिटी कौन्सिलला मत देता येत होतं, उभंही राहता येत होतं! कॉमनवेल्थची माणसं म्हणून तशी सवलत आहे म्हणे. एका पक्षाला भारतीय चेहरा हवा होता, आणि चेहरा तर चारुताचा छानच. "ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "तू आहेस म्हणून हो म्हटलं. यादी तुला पाठवते. आणि ऐक, जिंकले ना, तर माइकवर पहिलं नाव तुझं."

"चल, काहीतरीच," सुवर्णा म्हणाली. पण तो शब्द तिनं पदरात गाठ मारून ठेवला. त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं.

यादी आली. वॉर्डातली सगळी नावं, पत्त्यांसकट, व्हॉट्सअॅपवर, जशी आपण बहिणीला लग्नाच्या आमंत्रणाची यादी पाठवतो तशी. पाठवावी की नाही, हा विचार दोघींच्याही मनात आला नाही. घरचं काम घरात, त्यात विचारायचं कुणाला? सुवर्णानं ती एक्सेलमध्ये घातली आणि शेजारी तिच्या त्या जुन्या खुणांचे रकाने पाडले. तीन महिने रोज दुपारी बारा ते दोन, म्हणजे तिकडची संध्याकाळ, ती इंटरनेटवरून फोन करत बसायची. गुजराती आजोबा, पंजाबी दुकानदार, कुणाशी हिंदी, कुणाशी इंग्रजी. "हो काका, ओळखपत्र लागतं आता. नाही नाही, पासपोर्ट कशाला, तुमचा तो म्हाताऱ्या माणसांचा बसचा पास आहे ना, तो चालतो." मुलगी आरोही शाळेतून आली की विचारायची, "मॉम, आर यू अ कॉल सेंटर नाऊ?" प्रताप म्हणायचा, "अगं, हे सगळं त्या लोकांसाठी? तुला काय मिळणार?" सुवर्णा म्हणायची, "तुला नाही कळायचं."

आणि खरा डाव तिनंच मारला. हॉस्पिटलमागच्या दोन गल्ल्यांमध्ये यादी विरळ आहे, हे तिच्या लक्षात आलं. घरं भरलेली, नावं नाहीत. चौकशी केली तर तिथे भारतातून नव्यानं आलेल्या नर्सेस, कुणी केरळची, कुणी कोल्हापूरची. आपल्याला इथे मत आहे, हे त्यांच्या गावीही नाही! एकोणीस वर्षांत मत न मिळालेल्या बाईनं आठ महिन्यांपूर्वी आलेल्या पोरींना फोनवर समजावलं, की बाळांनो, तुम्हाला मत आहे, नाव घाला. एकसष्ट जणींची नावं तिनं मुदतीत घालून घेतली. फोन ठेवल्यावर एकदा ती न्हाणीघरात जाऊन रडली. कौतुकानं नव्हे, हेव्यानं. खोटं कशाला बोला?

चारुताच्या पक्षाचा एजंट म्हणून एक गोरा गृहस्थ होता, सगळी कागदपत्रं बघणारा. मध्ये त्यानं व्हिडिओवर सुवर्णाशी गप्पा मारल्या. उमेदवाराची मोठी बहीण, घरच्या हकिकती सांगेल म्हणून. सुवर्णानं हौसेनं सगळं सांगितलं, अण्णा, कपबशी, लाल पेन्सिल, अकरा मतं. यादी अमेरिकेत आहे, हे तेवढं त्याला माहीत नव्हतं.

गुरुवारी मतदान झालं. शुक्रवारी तिकडे मोजणी, आणि निकाल इंटरनेटवर दिसणार, इकडच्या सकाळी नऊच्या सुमाराला. सुवर्णानं आदल्या दिवशीच इंडियन स्टोअरमधून दोन किलो पेढे आणले होते. शेजारच्या पद्मजाला आणि मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या शोभाकाकूंना बोलावलं. बोलावलं कशाला, ते उघड होतं. आपलं नाव घेतलं जाताना ऐकायला दोन मराठी कान हवे होते तिला. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती, सकाळी नऊ वाजता!

एकदा मोजणी झाली, फरक फार थोडा. पुन्हा मोजा म्हणाले. सुवर्णाला अण्णा आठवले. आता पुन्हा अकरा मतांनी पडायचं की काय! शोभाकाकू आपल्या रामरक्षा पुटपुटायला लागल्या. शेवटी तो काळ्या कोटातला अधिकारी माइकशी आला. चारुताला सहाशे बारा. समोरच्याला पाचशे अठ्ठ्याण्णव.

"चौदा! चौदा मतांनी!" सुवर्णा ओरडली आणि तिनं पद्मजाला अशी मिठी मारली की तिचा चष्मा वाकडा झाला. चौदा मतं आणि एकसष्ट नर्सेस. हिशोब सांगायला पंचांग नको. पेढ्यांच्या डब्याचं झाकण उघडलं, काकूंच्या तोंडात पेढा गेला, आणि चारुता माइकवर आली.

चारुतानं वॉर्डाचे आभार मानले. पक्षाचे मानले. नवऱ्याचे, कार्यकर्त्यांचे, हॉलमधल्या चहावाल्या बायकांचेही मानले. सुवर्णा पदर सावरून ताठ बसली होती; आता येईल, आता येईल. मग चारुता थांबली, गळा भरून आल्यासारखं तिनं केलं, आणि इंग्रजीतून म्हणाली, "माझे वडील भारतातल्या एका छोट्या गावात सायकली दुरुस्त करायचे. तीनदा निवडणूक हरले. मी दहा वर्षांची होते. लाल पेन्सिल घेऊन मी त्यांच्या शेजारी बसायचे आणि हजारो चिठ्ठ्या लिहायचे. आज जे काही आहे, ते त्या लहान मुलीचं आहे." हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. ती खाली उतरली. संपलं.

शोभाकाकूंना गप्प राहायची सवय नाही. "अगं, पण हे तर तू केलेलं ना? गेल्या आठवड्यात तूच सांगितलंस की मला. ती म्हणे खळ चाटायची."

"घाईत गोंधळ झाला असेल यार," पद्मजा म्हणाली. "नाव राहिलं असेल."

"घ्या ना काकू, अजून एक घ्या," सुवर्णा म्हणाली. त्या दोघी शहाण्या, पाच मिनिटांत काहीतरी कारण काढून उठल्या.

अर्ध्या तासानं चारुताचा फोन आला. मागे गलका चालला होता. "ताई, रागावलीस ना? ऐक तरी. मी सकाळीच एजंटला म्हटलं, ताईचं नाव घेणार, सगळी यादी तिनं केली. तो पांढराफटक पडला. मतदारांची यादी अशी बाहेरच्या देशात पाठवायची नसते म्हणे. कायद्यात बसत नाही. समोरचा चौदा मतांनी पडलाय, तो कारणच शोधतोय. तुझं नाव आलं तर माझी जागा जाईल गं."

"बरं, नाव नको घेऊस," सुवर्णा म्हणाली. "पण चिठ्ठ्या? लाल पेन्सिल?"

"ते भाषण एजंटनं लिहिलं. तुझ्याकडूनच ऐकलेलं ना त्यानं. लोकांना अशा गोष्टी आवडतात."

"चारू, ती माझी गोष्ट आहे. तू दोन वर्षांची होतीस."

"ताई, असं काय करतेस? अण्णा काय तुझ्या एकटीचे होते?"

सुवर्णाच्या जिभेवर आलं होतं, आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारी भवाने, एक ईमेल टाकते त्या पडलेल्या उमेदवाराला, मग बघ. एका ईमेलचं काम होतं. ते चारुतालाही कळत असणार, कारण तिचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, ती एक्सेल आणि आपले मेसेज, सगळं डिलीट कर हं. आजच कर. आणि आईला यातलं काही बोलू नकोस. आईला सांगितलं की अख्ख्या बार्शीला कळतं, आणि तिथून इथे यायला वेळ लागत नाही. शपथ घे."

"घेतली," सुवर्णा म्हणाली. घेतली, कारण अण्णांच्या घरातलं कुणीतरी पहिल्यांदा निवडून आलं होतं, आणि ते पाडायचं पाप तिच्या हातून होणार नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिनं लॅपटॉप उघडला. तीन महिन्यांचं काम, दोन हजार नऊशे नावं, प्रत्येकापुढे तिची खूण. तिनं ते सगळं पुसलं, मग मेसेज पुसले, मग साडी बदलून गाउन घातला आणि भांडी घासायला घेतली. भांडी स्वच्छच होती.

साडेदहाला बार्शीहून आईचा फोन. तिकडे रात्रीचे नऊ. आई रडत होती, हसत होती, मध्येच दारात आलेल्या कुणाला तरी साखर देत होती.

"ऐकलंस का गं सुवर्णा! चारू निवडून आली! तिचं भाषण दाखवलं मला शेजारच्या प्रथमेशनं फोनवर. सगळं मराठीत सांगितलं त्यानं. आणि अण्णांचं नाव घेतलं पोरीनं, गोऱ्यांच्या समोर! चिठ्ठ्यांचंही बोलली."

"ऐकलं, आई."

"चिठ्ठ्या तू लिहायचीस असं आपलं माझ्या डोक्यात होतं. पण चारूही बसत असेल. आता आठवत नाही मला सगळं." आईनं नाक पुसलं. "अण्णा नेहमी म्हणायचे, माझी सुवर्णा माझं नाव काढेल. आणि काढलं बघ कुणी! ज्याचं त्याचं नशीब. तू तिकडे घरातच अडकलीस, तुझा तरी काय इलाज."

सुवर्णा ओट्याला टेकून उभी होती. नळ चालूच राहिला होता.

"काही मदत केलीस का गं तिला?" आईनं विचारलं.

"नाही गं आई," सुवर्णा म्हणाली. "इतक्या लांबून मी काय करणार?"

"तेही खरंच म्हणा. पण तिला फोन करून कौतुकाचे दोन शब्द तरी बोल. मोठी आहेस तू. मनात काही ठेवू नकोस."

"करते," सुवर्णा म्हणाली.